फिश टँकमधल्या शंखाला भोक कुणी पाडलं? अनोळखी समुद्री गोगलगाय ओळखायची कशी

चाकण : गेल्या महिन्यात रात्री अकराच्या सुमाराला भाच्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. तळहातावर एक रिकामा शंख आणि शंखाच्या पाठीवर गोल भोक. खाली एवढंच लिहिलेलं, "मामा, हा तिसरा."

भाचा चाकण एमआयडीसीत एका कंपनीच्या मशीन शॉपला आहे, राहायला मोशीला. दोन खोल्यांचं घर, त्यात त्यानं फिश टँक ठेवलाय. तोही साधा नाही, खाऱ्या पाण्याचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तेवढेच टँकमध्ये राखावे लागतात. घरातलं मीठ त्याला चालत नाही, टँकचं मीठ वेगळं विकत आणावं लागतं. आमच्या बहिणीला हा खर्च पटत नाही, पण तो विषय वेगळा.

टँकमध्ये केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आहेत. पोरं त्यांना नेमो म्हणतात. काचेवर धरणारं शेवाळ चाटून खायला म्हणून सहा-सात लहान गोगलगायी सोडलेल्या. या गोगलगायी एकेक करून मरायला लागल्या. दर चार-सहा दिवसांनी एक शंख रिकामा. मासे शाबूत, पाणी शाबूत, मग गोगलगायीच का मरतात?

संशय गेला तो एका दगडावर. दिवाळीच्या सुट्टीत सगळे कोकणात गेले होते. तिथं ओहोटीला खडकावरून पोरांनी कालवं चिकटलेला एक छोटा दगड उचलून आणला आणि शोभेला टँकमध्ये ठेवला. त्या दगडाच्या बेचक्यात अंगठ्याच्या पेराएवढा, खडबडीत, राखाडी रंगाचा एक शंख होता. घरी येईपर्यंत तो कुणाच्या नजरेत भरला नव्हता. आता रोज रात्री तो जागा बदलत होता.

भाच्यानं त्याचा फोटो दोन-तीन ग्रुपवर टाकला. उत्तरं आली ती अशी. एक म्हणाला मीठ टाक, मरेल. (खाऱ्या पाण्यातल्या जिवावर मीठ टाकून काय होणार? ते औषध आपल्या बांधावरच्या गोगलगायीला.) दुसरा म्हणाला उचल आणि इंद्रायणीत टाक. तिसऱ्यानं लिहिलं, हात लावू नको, समुद्रातली गोगलगाय चावली तर माणूस मरतो. यातल्या तिसऱ्याच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी हात टँकबाहेर

समुद्रात कोन शंख नावाचं एक कुळ आहे. इंग्रजीत कोन स्नेल म्हणतात. त्यांचा एक दात पोकळ, बाणासारखा असतो आणि त्यातून विष सुटतं. ही गोगलगाय तोंडाची लांब सोंड बाहेर काढते, भक्ष्याजवळ नेते आणि बाण मारते. कोन शंखांतल्या बऱ्याच जाती समुद्रातले किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी खातात आणि थोड्या जाती चक्क मासे मारतात. मासा पळतो आणि गोगलगाय सरपटते, तेव्हा मासा धरायचा तर विष जोरदार असावंच लागतं. माणसाला धोका मुख्यतः या मासेखाऊ जातींचा.

हे आजचं ज्ञान नाही. रम्फियस नावाच्या निसर्ग अभ्यासकाचं इंडोनेशियातल्या बेटांवरच्या शंखशिंपल्यांचं पुस्तक १७०५ मध्ये छापलं गेलं. त्यात बांदा बेटावरच्या एका गुलाम बाईच्या मृत्यूची नोंद आहे. जाळं ओढताना तिनं असा एक शंख हातात धरला होता, एवढंच निमित्त. आजवर जगभरात कोन शंखाच्या दंशाच्या नोंदलेल्या घटना सुमारे दीडशे आणि त्यातले मृत्यू तीन डझनांच्या आसपास. म्हणजे सापापुढे हे काहीच नाही. पण त्याच्या विषावर उतारा म्हणून लस नाही, हे ध्यानात ठेवा. याच कुळातल्या एका जातीच्या विषावरून तीव्र वेदनेवरचं औषध तयार झालं आणि २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, ही दुसरी बाजू.

कोन शंख ओळखायला अवघड नाही. आईसक्रीमचा कोन आडवा ठेवलाय असा आकार. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता. अंग बहुतेक गुळगुळीत, त्यावर ठिपके, पट्टे किंवा जाळीसारखी नक्षी. आणि शंखाचं तोंड गोल नसतं, तर वरपासून खालपर्यंत गेलेली एक लांब अरुंद फट असते. या कुळातल्या जाती आपल्या कोकण किनाऱ्यावरही आहेत, सगळ्याच जीवघेण्या नाहीत. पण दिसायला असा शंख असेल तर कुठली जात, किती विषारी, हे घरी बसून ठरवायच्या भानगडीत पडू नका. तो दिसायला सगळ्यांत देखणा असतो आणि म्हणून पोरं तोच आधी उचलतात. रुंद बाजूनं धरला तर चावत नाही असं काही जण सांगतात, ते खरं नाही. त्याची सोंड मागे वळू शकते. पातळ हातमोज्याचाही भरवसा नाही.

कुणाला दंश झालाच, तर जागा कापू नका, तोंडानं ओढू नका. हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा. श्वास मंदावण्याची भीती असते, त्यामुळे डॉक्टरांच्या नजरेखाली राहणं हाच उपाय.

भाच्याच्या शंखाचा आकार कोनासारखा नव्हता. तो मधे फुगीर, वर टोकदार आणि अंगावर गाठीगाठींच्या ओळी असलेला होता. तोंड फटीसारखं नाही, लांबट अंड्यासारखं. एवढं बघून आमचा जीव भांड्यात पडला. तरी त्यानं हात न घालता लांब चिमट्यानं तो उचलून काचेच्या भांड्यात ठेवला, हे बरं केलं.

मेलेल्याकडे बघा

चोर ओळखायचा तर आधी मोडलेलं कुलूप बघावं. भाच्यानं रिकामे शंख फेकले नव्हते. रविवारी मी मोशीला गेलो तेव्हा त्यानं तिन्ही शंख पेपरवर मांडले. तिघांच्याही पाठीवर ज्वारीच्या दाण्याहून बारीक, अगदी गोल भोक.

कोकणात किनाऱ्यावर फिरताना अशी भोकं पडलेले शिंपले तुम्हीही बघितले असतील. पोरं त्यातून दोरा ओवून माळ करतात. आपल्याला वाटतं लाटांनी घासून भोक पडलं असेल. घासून पडलेलं भोक असं गोल गरगरीत क्वचितच असतं. शिंपल्यावरची अशी बरीच भोकं शिकारी गोगलगायीनं पाडलेली असतात. त्या वाटेनं तिनं आतलं मांस खाल्लेलं असतं.

पाडते कशी? गोगलगायीच्या जिभेवर बारीक दातांच्या रांगा असतात. आपल्या शेतातली गोगलगाय त्याच जिभेनं पान खरवडते. कानस कशी असते, तसंच. शिकारी गोगलगाय ही कानस शिंपल्यावर चालवते. पण नुसत्या कानशीनं चुन्याचं कवच लवकर कापलं जात नाही, म्हणून तिच्या अंगात एक खास अवयव असतो. त्यातून आम्लासारखा स्राव सुटतो. तो स्राव लावून कवच मऊ करायचं, मग कानस चालवायची, परत स्राव, परत कानस. असं तास न् तास चालतं. जाड शिंपला असेल तर दोन-तीन दिवससुद्धा लागतात. भोक आरपार झालं की त्यातून सोंड आत घालायची.

हे मी सांगत होतो आणि भाचा खिशातल्या भिंगानं भोक बघत होता. मशीन शॉपमध्ये रोज भोकंच मोजायची असल्यामुळं ते भिंग त्याच्याजवळ असतंच. तो म्हणाला, "मामा, हे सरळ ड्रिल आहे. काउंटरसिंक नाही."

या एका वाक्यानं निम्मं काम झालं.

भोक पाडणाऱ्या समुद्री गोगलगायींची दोन मोठी कुळं आहेत. एक नॅटिसिडी, यांना इंग्रजीत मून स्नेल म्हणतात. गोल, गुळगुळीत, लिंबासारखा शंख. या वाळूत गाडून घेऊन हिंडतात आणि शिंपल्याला आपल्या मोठ्या पायात गुंडाळून भोक पाडतात. त्यांचं भोक बाहेरून रुंद आणि आत अरुंद होत गेलेलं असतं. स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून आपण काउंटरसिंक मारतो ना, अगदी तसं उतरतं. दुसरं कुळ म्युरिसिडी. या खडकावर, कालवांच्या मधे राहतात, अंगानं खडबडीत, गाठी नाहीतर काटे असलेल्या. यांचं भोक बहुतेक वेळा सरळ भिंतीचं, ड्रिलनं पाडल्यासारखं.

भाच्याच्या शंखावरची भोकं सरळ भिंतीची होती, संशयित खडबडीत होता आणि आला होता तोही कालवं चिकटलेल्या दगडावरून. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला जात होत्या.

शंखाचं तोंड काय सांगतं

भोक पडलेले शंख तुमच्याकडे नसतील तर संशयिताचं तोंड बघा. शंख उलटा केला की जिथून जीव बाहेर येतो ती जागा. तोंडाची कड अखंड गोल असेल, तर तो बहुतेक शेवाळ खाणारा असतो. टँकमध्ये काच साफ करायला ठेवतात ते टर्बो, नेराइट या जाती अशाच. टर्बोच्या दाराला तर पांढरं, दगडासारखं टणक झाकण असतं. तोंडाच्या खालच्या टोकाला खाच किंवा पन्हळीसारखी नळी असेल, तर मांस खाणारा असण्याची शक्यता मोठी. त्या खाचेतून तो एक नळी बाहेर काढतो आणि पुढे धरून हलवत चालतो. नळीतून पाणी आत ओढायचं आणि पाण्यातला वास घ्यायचा. भक्ष्य कुठं आहे ते त्याला वासावरून कळतं, डोळ्यांचा उपयोग थोडाच. चालताना पुढं सोंडेसारखी नळी हलतेय असं दिसलं की सावध व्हा.

आता हा नियम शंभर टक्के नाही. वर सांगितलेल्या मून स्नेलचं तोंड अखंड असतं आणि तरी ती पक्की शिकारी. उलट सेरिथ नावाच्या लांबट, मळसूत्री शंखाला छोटी खाच असते, पण तो बिचारा शेवाळ आणि गाळच खातो. कवडीलाही दोन्ही टोकांना खाच असते, तिच्यात शेवाळ खाणाऱ्या जाती आहेत आणि स्पंज खाणाऱ्याही. त्यामुळे नुसतं तोंड बघून निकाल देऊ नका, भोक आणि वागणूक दोन्ही जुळवून बघा.

मांस खाणारे सगळेच मारेकरी नसतात, हेही लक्षात घ्या. नॅसेरियस नावाचे बारीक शंख वाळूत लपून बसतात आणि टँकमध्ये खाणं पडलं की पाच मिनिटांत सगळे वर येतात. ते मेलेलं खातात. एखादी गोगलगाय पाण्यातला क्षार कमीजास्त होऊन आपोआप मेली आणि नॅसेरियस तिला खाताना दिसला, की मालक त्यालाच खुनी समजतो. गिधाडानं बैल मारला म्हणण्यासारखं आहे ते. मेलेल्याच्या शंखावर भोक नसेल, तोंडाची कड तुटलेली नसेल, तर आधी पाणी तपासा.

आणखी एक फसगत सांगतो. पुष्कळ वेळा शंखात गोगलगाय नसतेच, खेकडा असतो. शंखाला पाय फुटलेले दिसले, तो तुरुतुरु पळायला लागला, की समजावं हा भाडेकरू खेकडा आहे. तोही मोठा शंख मिळावा म्हणून गोगलगायीला मारतो कधी कधी.

रात्रीची राखण

बहुतेक शिकारी शंख रात्री हिंडतात. भाच्याची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती, घरी यायला साडेबारा. त्यानं मोबाइलच्या टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावला, कारण लाल उजेडात हे जीव फारसे बिचकत नाहीत. संशयिताला परत टँकमध्ये न सोडता छोट्या काचेच्या बरणीत टँकचंच पाणी घालून ठेवलं, हवेची नळी सोडली आणि पिंपरीच्या मासळी बाजारातून आणलेल्या दोन जिवंत तिसऱ्या सोबत टाकल्या.

सोमवारी रात्री तो एका तिसरीवर चढून बसला. मंगळवारी दिवसभर तिथंच. बुधवारी पहाटे फोटो आला, तिसरी उघडी पडलेली आणि त्याची सोंड आत. नंतर तो शिंपला धुऊन बघितला तर तसंच भोक. सरळ भिंतीचं.

आणखी एक खूण अपघातानं मिळाली. बरणीत हलवताना भाच्यानं तो जीव पांढऱ्या टिश्यू पेपरवर ठेवला होता. पेपरला पिवळसर चिकट डाग पडला आणि खिडकीतल्या उन्हात काही वेळानं तो डाग हिरवट होत होत जांभळा झाला. वासही लसणासारखा उग्र. म्युरिसिडी कुळातल्या गोगलगायींच्या अंगात असा स्राव असतो, उजेड लागला की तो जांभळा होतो. जुन्या काळी भूमध्य समुद्राच्या काठी हजारो शंख फोडून यातूनच राजेलोकांच्या कापडाचा जांभळा रंग काढत. भाच्याच्या घरी तो टिश्यू पेपर अजून देवघराशेजारी चिकटवलेला आहे.

म्हणजे कुळ नक्की झालं, म्युरिसिडी. कोकणातल्या खडकांवर थाइस गटातल्या अशा गोगलगायी कालवं आणि खडकाला चिकटलेले इतर जीव खाऊन राहतात. आमची त्याच्यावरच नजर आहे. पण त्या गटात एकसारख्या दिसणाऱ्या जाती बऱ्याच आहेत. लहान वयाचा शंख वेगळा दिसतो, झिजलेला वेगळा दिसतो. मोबाइलवर फोटो टाकून नाव शोधलं तर पहिल्यांदा एक नाव आलं, उलटा धरून काढलेल्या फोटोला दुसरं, ओल्या शंखाला तिसरं. ॲपवर एवढाच विश्वास ठेवावा.

जात नक्की करायची असेल तर फोटो नीट काढा. एक पाठीचा, एक तोंडाच्या बाजूचा, एक टोकावरून, आणि जीव बाहेर आलेला असताना एक. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. कुठून आला ते गाव आणि महिना लिहून ठेवा, कारण जाणकार माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. आयनॅचरलिस्ट या ॲपवर असे फोटो टाकले की अभ्यासक लोक फुकट ओळखून देतात, फक्त धीर धरावा लागतो.

आणि आपल्या भागातल्या पुष्कळ लोकांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की केंद्र सरकारच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आपल्या पिंपरी-चिंचवडमध्येच आहे, आकुर्डीत, रावेत रस्त्याला. संस्था १९१६ ची, मुख्यालय कोलकात्याला. पुण्यातलं केंद्र १९५९ पासूनचं. किडा असो, खेकडा असो की शंख, प्राणी ओळखणं आणि त्याची नोंद ठेवणं हेच या संस्थेचं काम. आपण निगडीला शंभर वेळा जातो आणि ही पाटी आपल्याला दिसत नाही.

नदीत टाकू नका

आता ग्रुपवरच्या दुसऱ्या सल्ल्याकडे येतो, इंद्रायणीत टाक म्हणणाऱ्या. खाऱ्या पाण्यातली गोगलगाय गोड्या पाण्यात तडफडून मरेल, नदीचं त्यानं फार बिघडणार नाही. पण ही सवय वाईट. कारण गोड्या पाण्याच्या टँकमध्येही शिकारी गोगलगाय विकत मिळते. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, बोटाच्या पेराएवढी, असॅसिन स्नेल म्हणतात तिला. मूळची आग्नेय आशियातली. टँकमधल्या नको असलेल्या गोगलगायी खायला म्हणून लोक ती आणतात. ती आपल्या ओढ्यात, तळ्यात सुटली तर तिथल्या गोगलगायी खाईल. उजनीच्या पाण्यात मच्छीमारांची जाळी फाडणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याचं कूळही फिश टँकचंच.

गोगलगायीच्या बाबतीत तर आपण हे भोगतोय. २०२२ च्या खरिपात लातूर, उस्मानाबाद, बीड भागात गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, लोकांना दुबार पेरणी करावी लागली, सरकारला नुकसानभरपाई जाहीर करावी लागली. शेतात शिरणाऱ्या गोगलगायींत सगळ्यांत बदनाम ती आफ्रिकन शंखी. ती भारतात आपल्या पायांनी आली नाही. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रज साहेबानं मॉरिशसहून दोन नग कोलकात्याला आणले, ते शेजाऱ्याला दिले आणि ते चौरंगीच्या बागेत सोडले गेले. पुढे ती भारतभर पसरली.

तिला मारायला शिकारी गोगलगाय सोडावी, हा विचार तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला होता. हा प्रयोग जगानं करून बघितलाय. युग्लँडिना नावाची जमिनीवरची शिकारी गोगलगाय १९५५ मध्ये हवाई बेटांवर आणि सत्तरच्या दशकात ताहिती, मूरेआ या बेटांवर मुद्दाम सोडली. तिनं मोठ्या आफ्रिकन गोगलगायीला बाजूला ठेवलं आणि तिथल्या छोट्या निरुपद्रवी गोगलगायी खाल्ल्या. मूरेआ बेटावर पार्टुला गटाच्या सात जाती होत्या. १९८७ पर्यंत त्या सगळ्या रानातून संपल्या. प्राणिसंग्रहालयात काही सांभाळलेल्या होत्या म्हणून त्यातल्या थोड्या वाचल्या. आपल्या बांधावर हाताने वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकणं कष्टाचं आहे, पण त्यात दुसरं संकट येत नाही.

दगड उचलताना

भाच्याला मी बोललो ते गोगलगायीवरून नाही, दगडावरून. किनाऱ्यावरचा दगड म्हणजे नुसता दगड नसतो, त्यावर पन्नास जीव चिकटलेले असतात. ते मेले तर टँकचं पाणी सडवतात आणि जगले तर असे चोर निघतात. शिवाय कायदा आहे. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. २००१ मध्ये काही शंखशिंपल्यांच्या जातीही या कायद्याखाली आल्या. दुकानात जिवंत दगड म्हणून जे विकायला असतं, ते प्रवाळाचं निघालं तर विकणारा आणि घेणारा दोघंही अडचणीत येतात. एका दुकानदाराला भाच्यानं कुठून आणलं विचारलं तर तो म्हणाला, समुद्रातून. ते आम्हालाही कळत होतं.

पोरांनी आणलेल्या दगडावरची कालवं दोन आठवड्यांत मेली होती. त्यातल्या दोन शिंपल्यांवरही बारीक भोकं सापडली, म्हणजे पाहुण्यानं आधी आपला शिधा संपवला आणि मग काच साफ करणाऱ्यांकडे मोर्चा वळवला. दगड आता काढून वाळवलाय.

संशयित मात्र अजून बरणीतच आहे. भाचीसुनेचा हट्ट होता त्याला कोकणात परत नेऊन सोडा, पण टँकमधली रोगराई समुद्रात जायला नको म्हणून ते रद्द केलं. शनिवारी भाचा घरासाठी पावशेर तिसऱ्या आणतो, त्यातल्या दोन बरणीत पडतात. लेकीनं वहीत तारखा मांडल्यात, कधी चढला, कधी उघडली. आत्तापर्यंतचा सगळ्यात जलद हिशोब तीस तासांचा आहे. टँकमध्ये चार गोगलगायी उरल्यात आणि काच आता बऱ्यापैकी स्वच्छ दिसते.